आवडता टॉप कागदावर उतरवताना

पत्र: "माझ्याकडे चार वर्षांपूर्वी घेतलेला रेयॉनचा एक टॉप आहे. अंगाला इतका छान बसतो की तसेच आणखी तीन-चार शिवायचे ठरवले. मेन रोडवरून २ मीटर कॉटन आणलं, टॉप मधोमध दुमडून त्यावर ठेवला, कडेने खडू फिरवला आणि अर्धा इंच जास्त धरून कापलं. शिवून घातला तर हात वर केला की अख्खा टॉप वर येतो, पुढचा गळा लोंबतो, बाही मागे ओढते आणि छातीत घट्ट होतो. ब्लाउजचा क्लास केलेला आहे, घरी मशीन आहे. माझं चुकलं कुठे? आणि हा बिघडलेला टॉप टाकून द्यायचा का?" (एक वाचक, इंदिरानगर, नाशिक)

ताई,

चूक खडू फिरवताना झाली. तुमची शिलाई नीटच असणार. ज्या हाताला ब्लाउजचा मुंढा (बाही जोडायचं खोलगट वळण) जमतो, त्याला टॉप शिवणं अवघड नाही. पण दुमडलेला टॉप कापडावर ठेवला की त्याच्या सगळ्या थरांची मिळून एकच कड दिसते. प्रत्यक्षात पुढचा मुंढा मागच्यापेक्षा जास्त खोलगट असतो, पुढचा गळा खाली असतो, बाहीची पुढची बाजू मागच्या बाजूपेक्षा कमी भरलेली असते. खडूने या सगळ्याचं एक करून टाकलं. त्यात छातीचा हिशेब बघा. टॉपच्या छातीत चार चौथाया असतात. खडू प्रत्येक चौथाईत फक्त पाव इंच आत सरकला, तरी अख्ख्या छातीत १ इंच गेला. रेयॉन लोंबतं, अंगाबरोबर वळतं. कॉटन ताठ राहतं. त्यामुळे तो गेलेला इंच आणखीच जाणवतो.

हात वर केल्यावर टॉप वर येतो म्हणून बहुतेक जणी मुंढा आणखी खाली कापतात. तसं अजिबात करू नका, त्याने त्रास वाढेल. मुंढ्याचा तळ बगलेपासून जितका खाली, तितकी बाही टॉपला खाली जोडली जाते. मग हात उचलला की बाही बाजूची शिवणच ओढत वर नेते. मुंढा बगलेच्या जवळ असेल तर हात उचलल्यावर फक्त बाही हलते, टॉप जागेवर राहतो. तुमच्या बाबतीत काय झालं असणार, तर टॉप सपाट ठेवल्यावर बगलेतलं कापड गोळा झालं आणि खडू त्या गोळ्याच्या बाहेरून, म्हणजे खऱ्या शिवणीच्या खालून गेला.

म्हणून कापडावर थेट खडू नको. आधी कागद. आणि कागदावर टॉपची कड उतरवायची नाही, शिवणीची रेघ उतरवायची. माया, म्हणजे शिवणीबाहेर ठेवायचं जास्तीचं कापड, नंतर, मोजून, आपल्या हाताने वाढवायची. एवढी एक गोष्ट पाळली तरी पुढचे निम्मे घोटाळे होत नाहीत.

लागतं ते सगळं घरातलंच. शाळेच्या वह्यांना घालतात तो ब्राउन पेपर, मोठा रोल मिळाला तर उत्तम. वर्तमानपत्र घेऊ नका, शाई टॉपला लागते. कागदाखाली ठेवायला मोठ्या खोक्याचा उघडलेला पुठ्ठा, म्हणजे टाचणी उभी रुतते. ३०-४० बारीक टाचण्या, टेप, लांब पट्टी, पेन्सिल, आणि टॉपच्या रंगावर उठून दिसेल असा दोरा. टाचण्या गंजक्या किंवा जाड असतील तर रेयॉनला भोकं पडतात, म्हणून आधी आतल्या मायेत एक टोचून बघा.

टॉप धुऊन, इस्त्री करून घ्या. इस्त्री दाबत सरकवू नका, उचलून ठेवत करा, नाहीतर गळा तिथेच ताणला जातो. मग खांद्याला खांदा आणि बाजूच्या शिवणीला बाजूची शिवण जुळवून टॉप दुमडा आणि जी मधली घडी येईल तिच्यावर पुढे आणि मागे धावदोरा घाला. ही मध्यरेघ. मध्यरेघ टॉपच्या उभ्या धाग्याला (कापडाच्या किनारीला समांतर जाणाऱ्या) समांतर जात नसेल, तर टॉप धुऊन पिळला गेलाय असं समजा. थोडा पीळ असेल तर धावदोरा उभ्या धाग्यावरून घाला आणि शिवणींच्या फरकाचा मध्य काढा. पीळ फार असेल तर तो टॉप नमुना म्हणून घेऊ नका, दुसरा निवडा.

आणखी एक खूण आत्ताच करून घ्या, कारण नंतर ती सापडत नाही. बगलेच्या शिवणीपासून मुंढ्यावर ३ इंच वर, पुढच्या बाजूला, टॉप आणि बाही दोन्हींवर समोरासमोर एक-एक टाका घाला. मागच्या बाजूला तसेच दोन-दोन टाके. पुढे एक, मागे दोन, हे शिवणकामात सगळीकडे चालतं. बाही मागे ओढण्याचं एक कारण बाह्यांची अदलाबदल हेही असतं. या खुणा असल्या की ते लावतानाच कळतं.

आता मागचा भाग. पुढचा नको, आधी मागचाच घ्या, कारण त्याला सहसा टक (फिटिंगसाठी शिवलेल्या निमुळत्या घड्या) नसतात आणि हात बसतो. कागदावर एक उभी सरळ रेघ मारा. टॉपची मागची बाजू वर ठेवून मधला धावदोरा त्या रेघेवर टाचून टाका. मग मध्यापासून बाहेर, तळहाताने हलकेच पसरत जा. ओढायचं नाही. एका वेळी एकच तुकडा सपाट करायचा. तो सपाट झाला की बाकीचा टॉप गोळा झाला तरी चालेल. शिवणीच्या बरोबर खाचेत टाचणी उभी टोचत कागदापर्यंत न्या. सरळ भागावर २ इंचांवर एक, वळणावर अर्ध्या इंचावर एक. टाचणी तिरकी गेली की पाव इंचाचा फरक तिथेच पडतो. मुंढ्यापाशी आलात की बाही बाजूला दुमडून ठेवा, बगलेतलं कापड दोन बोटांनी सोडवून मुंढ्याचा शेवटचा इंच वेगळा सपाट करा आणि मगच टोचा. सगळ्यात जास्त वेळ या एका इंचाला द्या.

टॉप उचलला की कागदावर भोकांची रांग दिसेल. ती जोडताना सरळ रेघ पट्टीने आणि वळण हाताने न काढता फ्रेंच कर्व्हने (वळणं काढायच्या साच्याने) काढा; मुंढ्याच्या तळाला स्टीलच्या ताटाची कडही चालते. गळ्याची रेघ मध्यरेघेला काटकोनात मिळाली पाहिजे, निदान पहिला अर्धा इंच तरी. नाहीतर घडी उघडल्यावर गळ्याच्या मध्यभागी टोक येतं किंवा खळगा पडतो. खालच्या कडेचंही तसंच: मध्यरेघेशी आणि बाजूच्या शिवणीशी काटकोन नसेल तर शिवल्यावर कडेला चोच निघते.

पुढचा भाग असाच, पण तिथे टक असेल तर सपाट पसरून चालत नाही. टक म्हणजे छातीसाठी गोळा करून ठेवलेलं कापड. तो दाबून सपाट केला आणि कडेने रेघ मारली तर ते कापड हरवतं. छातीत घट्ट होण्याचं दुसरं कारण बरेचदा हेच असतं. आतून टकाची रुंदी टेपने मोजा. समजा बाजूच्या शिवणीपाशी तो दुमडलेला पाऊण इंच आहे, म्हणजे उघडल्यावर दीड इंच. टॉप कागदावर टाचत टकाच्या वरच्या रेघेपर्यंत या, रेघ आणि टकाचं टोक टोचून घ्या. मग टोकाची टाचणी तशीच ठेवून तिच्याभोवती टॉपचा खालचा भाग फिरवा, टकाची खालची रेघ बाजूच्या शिवणीपाशी वरच्या रेघेपासून दीड इंच खाली येईपर्यंत, आणि तिथून पुढचं उतरवा. चुण्या असतील तर चुण्यांच्या थोडं खाली, जिथे कापड सपाट आहे, तिथे रुंदी मोजा. ती रुंदी आणि चुण्यांच्या जागेची रुंदी यांतला फरक म्हणजे चुण्यांचं कापड.

एक नीट बघा: बऱ्याच तयार टॉपमध्ये खांद्याची शिवण खऱ्या खांद्यावर नसते, अर्धा ते एक इंच पुढे आणलेली असते. तुम्ही दुमडलेल्या वरच्या घडीला खांदा धरलात, म्हणून पुढच्या भागाची उंची वाढली. गळा लोंबण्याचं मुख्य कारण ते. शिवणीवर टाचणी टोचली की ही चूक आपोआप टळते.

बाही. बाही तिच्या बगलेच्या शिवणीवर दुमडून ठेवा आणि कागदावर उभी मध्यरेघ, तिला काटकोनात दंडाची आडवी रेघ अशी अधिकच्या चिन्हासारखी (+) खूण काढा. बाहीच्या डोक्याचा मध्य म्हणजे खांद्याच्या शिवणीला भिडणारी जागा. ती मध्यरेघेवर ठेवायची. आधी पुढची अर्धी बाही मध्यापासून बगलेपर्यंत उतरवा, मग बाही उलटवून मागची अर्धी रेघेच्या दुसऱ्या बाजूला. दोन्ही अर्ध एकमेकांवर दुमडून पाहा. पुढची बगलेकडे जास्त खोल आणि मागची भरलेली दिसली तर बरोबर उतरली. दोन्ही अगदी सारख्या दिसल्या तर पुन्हा उतरवा. बगलेच्या शिवणीच्या दोन्ही रेघा मात्र तंतोतंत सारख्या हव्यात.

मग टेप कडेवर उभी धरून मुंढा मोजा. आडवी टेप वळणावर खोटं बोलते. समजा पुढचा मुंढा सव्वाआठ इंच आणि मागचा पावणेनऊ, म्हणजे एकूण १७. बाहीचं डोकं साडेसतरा ते पावणेअठरा हवं. हा अर्धा-पाऊण इंच जास्तीचा खांद्याच्या गोलाईत मुरतो. दीड इंचावर गेला तर कॉटनमध्ये बाहीला चुण्या पडतात, आणि बाही १७ पेक्षा कमी भरली तर ती ओढणारच. बाहीचं डोकं जितकं उंच आणि अरुंद, तितका हात खाली सोडल्यावर सुबक दिसतो आणि वर नेताना अडतो. रोज स्कूटर चालवायची, वरच्या फळीवरचे डबे काढायचे असतील तर डोक्याची उंची पाऊण इंच कमी करून दंडाची रुंदी त्या मानाने वाढवा, डोक्याच्या वळणाची लांबी तीच ठेवून.

कापडाला हात लावण्यापूर्वी कागद तपासा. पुढचा-मागचा खांदा सारखा, किंवा मागचा पाव इंच मोठा. बाजूच्या शिवणी सारख्या. दोन्ही कागद खांद्याला जुळवून ठेवले की गळा आणि मुंढा एका वळणात वाहायला हवेत, खांद्यापाशी कोपरा नको. आणि पुढची-मागची छातीची रुंदी मोजून दुप्पट केली की मूळ टॉपच्या छातीशी पाव इंचाच्या आत जुळली पाहिजे.

आता माया. बाजू, खांदा, मुंढा, बाही यांना अर्धा इंच. पुढे सैल करायची शक्यता ठेवायची असेल तर बाजूंना १ इंच. गळ्याला पाव इंचच, कारण वळणावर रुंद माया आत वळत नाही. खाली आणि बाहीच्या तोंडाला १ इंच. प्रत्येक कागदावर लिहा: पुढचा की मागचा, घडीवर की सुटा, किती नग, माया किती धरली, उभ्या धाग्याचा बाण आणि तारीख. सहा महिन्यांनी कागद उघडल्यावर माया धरली होती की नाही हे आठवत नाही आणि मग दुसऱ्यांदा धरली जाते.

पहिला टॉप चांगल्या कापडाचा शिवू नका. मांजरपाट घ्या किंवा जुनी सुती चादर. आपल्या जिल्ह्यात मालेगावला यंत्रमागावर कोरं सुती कापड विणलं जातं, असं कोरं कापड चाचणीला उत्तम, फक्त आधी धुऊन खळ काढा. मोठ्या टाक्यांनी शिवा, दुमड घालू नका, घालून हात वर करा, बसा, वाका. बगलेकडून छातीकडे तिरक्या रेघा ओढल्या जात असतील तर छातीला रुंदी किंवा टक कमी पडतोय. मानेच्या मागे आडवी घडी पडत असेल तर मागचा गळा पाव इंच खाली घ्या. बदल कापडावर टाचून झाले की लगेच कागदावर नोंदवा.

दुकानात दर विचारण्याआधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी (इंचांत), विचारा. तुमचा टॉप २६ इंच उंच आणि खाली सपाट ठेवल्यावर २२ इंच रुंद आहे असं धरू. मायेसह एकेक भाग साधारण २४ इंच रुंद आणि २८ इंच लांब. ३६ च्या पन्ह्यात दोन भाग एकाखाली एक आणि त्यांच्याखाली शेजारी-शेजारी दोन्ही अर्ध्या बाह्या, म्हणजे पावणेदोन मीटर. ४४ च्या पन्ह्यात प्रत्येक भागाच्या बाजूला एक-एक बाही बसते, तिथे दीड मीटर. ५८ च्या पन्ह्यात दोन्ही भाग शेजारी मावतात, सव्वा मीटर पुरतं. कॉटन आणि रेयॉन दोन्ही आटतात, १०० सेंटिमीटरमागे ३ ते ५ सेंटिमीटर सहज, म्हणून थोडं जास्त घ्या आणि कापण्यापूर्वी पाण्यातून काढून वाळवा. येवल्याच्या पैठणीसारखं काठाचं कापड खाली काठ ठेवून वापरायचं असेल तर टॉपची खालची गोल कड कागदावरच सरळ करून घ्या, काठ गोल वळत नाही. आणि छाप एकाच दिशेचा असेल तर भाग उलटसुलट ठेवून कापड वाचवता येत नाही.

बेतताना उभ्या धाग्याच्या बाणाची दोन्ही टोकं कापडाच्या किनारीपासून सारख्या अंतरावर आहेत का ते टेपने बघा. नजरेवर सोडू नका. अर्धा इंच तिरकं गेलेलं कापड दोन धुण्यांनंतर पीळ दाखवतं.

शिवताना क्रम महत्त्वाचा. कापल्याबरोबर दोन्ही गळ्यांना कडेपासून जेमतेम पाव इंच आत एकेरी शिलाई मारा, कारण वळणावर कापड तिरकं असतं आणि हाताळतानाच ताणलं जातं. मग टक, मग खांदे, मग गळ्याला क्रॉस पट्टी (तिरक्या कापलेल्या कापडाची). पट्टी वळणावर किंचित ताणून लावा, सैल लावली तर गळा उभा राहतो. मायेला दर अर्ध्या इंचावर शिलाईपर्यंत कात्रा मारून आत वळवा. बाही बाजू शिवण्याआधी, टॉप उघडा असताना लावा. गोल मुंढ्यात बाही बसवण्यापेक्षा हे कितीतरी सोपं. त्यानंतर बाहीच्या तोंडापासून टॉपच्या खालच्या कडेपर्यंत बाजू एका दमात. साध्या कॉटनला १४ नंबरची सुई, मलमलला ११, इंचाला १० ते १२ टाके. प्रत्येक शिवण पुढची घालण्याआधी इस्त्रीने दाबा.

टी-शर्टसारख्या ताणणाऱ्या कापडाचा कागद कॉटनला वापरू नका. ४ इंच होजिअरी ५ इंचांपर्यंत ताणत असेल तर त्या कागदात तेवढी सैली मुळात धरलेलीच नसते.

तुमचा बिघडलेला टॉप मात्र ठेवा, तो घालण्याजोगा होईल. तुम्ही अर्धा इंच माया ठेवली होती. बाजूच्या आणि बाहीच्या खालच्या शिवणी पूर्ण उसवा आणि पाव इंचाच्या मायेने पुन्हा शिवा. चार कडांना पाव-पाव इंच, म्हणजे छातीत गेलेला १ इंच परत मिळाला. शिवताना बगलेच्या दोन्हीकडे, बाजूला आणि बाहीत, ३-३ इंच उघडं सोडा. उरलेल्या कापडातून साडेतीन इंचांचा चौकोन कापा. त्याचे समोरासमोरचे दोन कोपरे मुंढ्याच्या पुढच्या-मागच्या शिवणीवर, उरलेला एक बाजूच्या शिवणीत आणि एक बाहीच्या, असा पाव इंचाच्या मायेने बसवा. कोपऱ्यावर सुई कापडात ठेवून प्रेसर फूट उचला आणि मगच वळा. खोल गेलेला मुंढा या तुकड्याने बगलेखाली मोकळा होतो, हात उठतो. पुढच्या गळ्याची पट्टी मध्यावर ३ इंच उसवून दोन छोट्या चुण्या घाला, लोंबणं जाईल. माया पाव इंचच उरल्यामुळे शेवटी जवळच्या टेलरकडून आतल्या कडांना ओव्हरलॉक मात्र करून घ्या.